अळूचे खाचर आणि पांझरेचा फड

हवाई बेटांत ज्याला ‘कालो’ म्हणतात, तो परसदारी न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा आपला अळूच होय. महाराष्ट्राने मुख्यतः त्याच्या पानाचे फतफते केले. हवाईवासीयांनी त्याच्या कंदावर आपली अन्नव्यवस्था उभारली. ओढ्याचे पाणी पाटाने खाचरांत घ्यावयाचे व उरलेले पुन्हा ओढ्यास सोडावयाचे, असा तेथील शिरस्ता. साचून तापलेल्या पाण्यात हा कंद कुजतो. म्हणून पाण्याच्या वाटणीवर ‘कोनोहिकी’ नावाचा अधिकारी देखरेख करी.

असाच शिरस्ता खानदेशातील पांझरा व नाशिककडील मोसम, आरम या नद्यांकाठी शतकानुशतके चालत आला. त्यास फडपद्धती म्हणतात. राजांच्या लढायांइतकी तिची नोंद इतिहासाने ठेवली नाही, हे नवल नव्हे. बंधाऱ्याखालचे क्षेत्र बहुधा चार फडांत वाटलेले असे, आणि एका फडात एकच पीक. ऊस यंदा एका फडात, तर पुढे दुसऱ्यात. जमीन ज्याची त्याची. परंतु पीक कोणते घ्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. यात शहाणपण होते. उसाला लागून ज्वारी असली की झिरपणाऱ्या पाण्याने ज्वारी बिघडते. पीक एकच असले म्हणजे एकटा पाटकरी सारा फड भिजवू शकतो. मालकाने स्वतः बारे फोडावयाचे नाही. साधारणतः प्रत्येकाची थोडी जमीन प्रत्येक फडात असे; त्यामुळे पाणी तुटले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी ती तूट सर्वांच्या वाट्याला येई.

हवाईत १८४८ च्या ‘माहेले’ने जमिनीची खाजगी वाटणी झाली. १८७८ मध्ये हामाकुआचा कालवा माउई बेटावरील ओढ्यांचे पाणी उसाच्या मळ्यांकडे नेऊ लागला, आणि कालोची खाचरे सुकली. दोष उसाच्या माथी मारणे सोपे आहे. पण ऊस फडातही होताच. तेथे त्याला पाळी होती. पाणी ही सार्वजनिक ठेव आहे, असे हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली वायाहोले ओढ्याच्या प्रकरणात ठासून सांगितले. बेटांवरील शेवटचा उसाचा मळा २०१६ मध्ये बंद झाला.

फडास ढिले केले ते वरच्या अंगास झालेल्या धरणांनी, आणि त्याहूनही विहिरीवरील पंपाने. हंगामापूर्वी पाटातील गाळ उपसणे हे सर्व हिस्सेदारांचे काम. स्वतःची विहीर असलेल्यास त्याची निकड उरत नाही.