औंधच्या छापखान्यातले वेद

औंध म्हटले की पुणेकरांना आपले उपनगर आठवते आणि सातारकरांना मूळपीठाच्या डोंगरावरची यमाई. साताऱ्याकडच्या या औंधातून स्वातंत्र्यापूर्वी काही दशके वेदांची पुस्तके टपालाने हिंदुस्थानभर जात होती. ती सिद्ध करणारा माणूस मूळचा चित्रकार. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. जन्म 19 सप्टेंबर 1867, सावंतवाडीजवळचे कोलगाव. मृत्यू 31 जुलै 1968. शंभर वर्षे पुरी करून एकशे एकाव्यात गेलेल्या या माणसाने एवढ्या आयुष्यात केलेले काम पाहिले, तर वर्षे कमीच पडली असतील असे वाटते.

घरात वैदिक परंपरा होती, पण पोट भरायला श्रीपादांनी कुंचला धरला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादला जाऊन त्यांनी आपला स्टुडिओ थाटला. व्यक्तिचित्रे रंगवायची, फोटो काढायचे, त्यावर संसार चालवायचा आणि उरलेला वेळ संस्कृत ग्रंथांना द्यायचा. तिथे ते आर्यसमाजाच्या कामात पडले. वेद सर्वांनी वाचावेत, ते पाठ करणाऱ्यांपुरते राहू नयेत, हा विचार तिथे पक्का झाला आणि पुढे कधी सुटला नाही.

अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात भूमीला आई म्हणणारे त्रेसष्ट मंत्रांचे पृथ्वीसूक्त आहे. सातवळेकरांनी त्याचा अर्थ ‘वैदिक राष्ट्रगीत’ म्हणून मांडला आणि इंग्रज सरकारने ते पुस्तक जप्त केले. पाठोपाठ 1908 मध्ये कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवर त्यांचा लेख आला. संपादक विष्णु गोविंद विजापूरकरांना त्यापायी तुरुंगात जावे लागले, आणि सातवळेकरांनाही अटक होऊन कोल्हापूरच्या खटल्याला तोंड द्यावे लागले. हजारो वर्षांपूर्वीच्या प्रार्थनेचा नुसता अर्थ सांगितला, तर त्यात सरकारला राजद्रोह दिसला. अर्थ सांगणाऱ्याच्या ताकदीची याहून मोठी पावती कोणती असणार?

पुढची काही वर्षे लाहोरला गेली. तिथेही पुन्हा स्टुडिओ, पुन्हा चित्रे आणि फोटो. मुलगा माधव यांचा जन्म 1915 मध्ये लाहोरचाच. वडिलांनी पुढे बाजूला ठेवलेला कुंचला या मुलाने उचलला. माधव सातवळेकर नामवंत चित्रकार झाले आणि महाराष्ट्राचे कला संचालकही.

लाहोर सोडून सातवळेकर औंधला आले, त्याला कारण तिथला राजा. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. बहात्तर गावांचे एवढेसे संस्थान, पण गुणी माणसाला जागा द्यायची राजाची हौस मोठी. किर्लोस्करांचा कारखानाही 1910 मध्ये याच संस्थानच्या माळावर उभा राहिला होता. अशा राजाच्या आसऱ्याने औंधात सातवळेकरांची स्वाध्याय मंडळ ही वेदग्रंथ काढणारी संस्था रुजली आणि भारत मुद्रणालय नावाचा छापखाना सुरू झाला. हिंदीत ‘वैदिक धर्म’ आणि मराठीत ‘पुरुषार्थ’ ही मासिके निघू लागली. छापखान्याचे काम मुलगा वसंत यांच्याकडे आले. मंडळाच्या जुन्या पुस्तकांवर मुद्रक म्हणून ‘व. श्री. सातवळेकर’ हे नाव दिसते. बापाने लिहायचे आणि लेकाने छापायचे, असा तो घरचा कारभार होता.

वेद छापणे म्हणजे काय काम असते, हे जरा जवळून पाहायला हवे. खिळे जुळवून छपाई व्हायची तो काळ. साध्या मराठी मजकुरातही काना, मात्रा, वेलांटी सांभाळताना कंपोझिटर मेटाकुटीला येई. वेदाच्या मजकुरात त्यावर स्वरचिन्हांची भर. ऋग्वेदात अनुदात्त अक्षराखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ, उदात्त तसेच मोकळे. सामवेदात अक्षरांच्या डोक्यावर आकडे. यजुर्वेदाच्या मैत्रायणी आणि काठक संहितांची चिन्हांची रीत आणखी वेगळी. ऋग्वेदाची सूक्ते 1028 आणि ऋचा साडेदहा हजारांच्या आसपास. ओळीओळीला या रेघा. एक रेघ सरकली तर पाठ चुकला, आणि पाठशाळेत आयुष्य घालवलेल्या वैदिकाच्या नजरेतून ते सुटायचे नाही. अशा मजकुराची मुद्रिते तपासणे हीच सातवळेकरांची खरी तपश्चर्या म्हटली पाहिजे.

मॅक्सम्युलरने सायणभाष्यासह ऋग्वेद काढला तो इंग्लंडात. मैत्रायणी आणि काठक संहिता छापून प्रथम जगापुढे आणल्या त्या लेओपोल्ड फॉन श्रोडर या परदेशी पंडिताने, त्याही जर्मनीत. गावातल्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या हाताला हे ग्रंथ लागणार कुठून? याच दोन संहिता 1940 नंतरच्या काही वर्षांत औंधच्या छापखान्यातून बाहेर पडल्या. एकेका देवतेचे मंत्र एकत्र लावलेली दैवत-संहिताही तिथलीच. त्याबरोबर वेदांची सुबोध भाष्ये, गीतेवरची ‘पुरुषार्थबोधिनी’, हिंदी अनुवादासह महाभारत, आणि गुरूविना घरी बसून भाषा शिकता यावी म्हणून ‘संस्कृत स्वयंशिक्षक’. भक्ती म्हणजे रोजची बैठक आणि रोजचे काम, असाच या घराचा हिशेब दिसतो.

मग 1948 उजाडले. गांधीहत्येनंतर सातारा भागात जाळपोळ झाली. मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि आधार देणारे राज्यच राहिले नाही. त्या वर्षी सातवळेकरांनी औंध सोडले आणि तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातल्या पारडीला स्वाध्याय मंडळ नव्याने मांडले. वय होते ऐंशी. त्या वयात माणसे नातवंडांत रमतात. यांनी छापखाना हलवला, कामाची घडी पुन्हा बसवली आणि पुढची वीस वर्षे लिहीत राहिले. ‘अमृतलता’ हे संस्कृत नियतकालिक पारडीचेच.

भारत सरकारने 1968 मध्ये त्यांना पद्मभूषण दिले आणि त्याच वर्षी ते गेले. मैत्रायणी संहितेवर काम करणारे अभ्यासक आजही श्रोडरच्या प्रतीबरोबर सातवळेकरांची प्रत उघडतात, आणि ‘संस्कृत स्वयंशिक्षक’ अजून बाजारात मिळते.