डोलकाठी आणि आंब्याचे झाड

आरमाराचा इतिहास आपण बहुधा समुद्रावरून लिहितो. कोणता जलदुर्ग कोणी घेतला, कोणाची किती गलबते बुडाली, याच्या नोंदी सापडतात. पण लढाईत डोलकाठी मोडली की ती बदलायला लाकूड कुठून येई? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर खाडीने वर, डोंगराकडे यावे लागते.

डोलकाठी मोडणे ही त्या काळी नित्याचीच बाब होती. शत्रूची डोलकाठी मोडणे हेच मुळी आंग्र्यांचे युद्धतंत्र होते. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने ते वर्णिले आहे. वल्ह्यांवर चालणारी गलबते मोठ्या गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत आणि तोफांचा मारा मुख्यतः डोल, शिडे आणि दोरखंड यांवर होई. जहाज पांगळे झाले की चहूबाजूंनी माणसे वर चढत. तुळाजी आंग्र्याच्या आरमाराने १७५४ मध्ये तीन डच जहाजांना गाठून दोन जाळली आणि तिसरे पकडले. असे तंत्र वापरणाऱ्याच्या स्वतःच्या डोलकाठ्याही सुखरूप राहत नसणार, हे उघड आहे.

दुरुस्तीच्या पायऱ्या ठरलेल्या असत. दोर तुटला तर तो खलाशीच बदलत. डोलाला चीर गेली तर मोडक्या हाताला बांधाव्यात तशा लाकडी पट्ट्या दोन्ही अंगांनी लावून त्यावर दोराचे घट्ट वेढे देत आणि वेढ्यांत पाचरी ठोकत. वरचा भाग मोडला तर उरलेल्या काठीला लांब तिरपा काप घेऊन नवा तुकडा जोडता येई. पण डोल बुडाशी कुजला किंवा मुळातच मोडला, तर सबंध काठी बदलण्याखेरीज गत्यंतर नसे. तिला सरळ, उंच, बिनगाठीचे खोड हवे. तसे झाड वाढायला माणसाचे एक आयुष्य पुरत नाही.

म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण मला वृक्षांचेही प्रकरण वाटते. फळ्या, डोलकाठ्या आदी थोर लाकडासाठी राज्यातील अरण्यांतले सागवानादी वृक्ष हुजूरची परवानगी घेऊनच तोडावेत. आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्याला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. बळजोरी करू नये. हा मजकूर आजकाल शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सर्रास फिरतो. तो त्यांचा नाही. पण लिहिणारे रामचंद्रपंत १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत होते. रायगडावर जे राज्य त्यांनी पाहिले, त्याचाच वारसा ते शब्दांत मांडत होते, असे मला वाटते.

यातला व्यवहार सुताराच्या नजरेने पाहावा. आंब्या-फणसाच्या खोडाची डोलकाठी सहसा होत नाही. फळ्या आणि वाकडी लाकडे निघतात. परंतु मोडलेले गलबत बंदरात आले की डोल, फळ्या, वाकडी लाकडे सगळेच एकदम लागते, आणि हाताशी झाड असते ते गावकऱ्याच्या परसातले. लढाईचा हा भुर्दंड त्या गावकऱ्यावर पडू नये, एवढ्यासाठी ही आज्ञा आहे. परमुलखातून लाकूड आणण्याची सूचनाही व्यवहार्यच होती. पून नावाचे हलके, सरसोट वाढणारे लाकूड दक्षिणेकडच्या घाटजंगलांतून येई आणि डोलकाठ्यांसाठी त्याला मोठी मागणी असे.

महाड-पोलादपूरचा माणूस हा संबंध लवकर ओळखतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि तिथून खाली भरतीचे पाणी तिला भेटते. एकाच नदीच्या एका टोकाला अरण्य आणि दुसऱ्या टोकाला बाणकोटचे मुख. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरे आणि खाडीच्या वाटेने मुंबईकडे जाई. बाणकोट १७५५ मध्ये इंग्रजांनी जिंकले. पुढच्या वर्षीच्या तहात त्यांनी पेशव्यांकडून बाणकोटबरोबर दासगावही मिळवले. खाडीच्या मुखाइतकाच आतला धक्काही त्यांना महत्त्वाचा वाटला असावा. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर सत्याग्रहासाठी महाडला निघाले, तेही मुंबईहून बोटीने दासगावला उतरले. पुढे सडका झाल्या आणि ही जलवाट मागे पडली.

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडात सावित्रीतल्या गाळाची चर्चा सुरू झाली. ती ऐकताना मला आज्ञापत्राचे ते प्रकरण आठवत राहिले. तोडायचे झाड कोणाचे, परवानगी कोणाची आणि मोल कोणाला, हे तीन प्रश्न रामचंद्रपंतांनी युद्धाच्या गरजेपुढेही सोडले नव्हते. आमच्या डोंगरांवरचे लाकूड पुढे कोळशासाठी, इमारतींसाठी, सडकांसाठी उतरत गेले. तेव्हा यातला एक तरी प्रश्न किती वेळा विचारला गेला, हे ज्याने त्याने आपापल्या गावचा डोंगर पाहून ठरवावे.