निकालाआधी पट बघू या

शाळेचा निकाल लागला की गावात पहिला प्रश्न असतो, 'किती टक्के लागला?' आज आम्ही त्याच्या आधीचा प्रश्न घेऊन आलो आहोत. पटावर कोण कोण होतं? पाचवीत बसलेल्या मुलींपैकी आठवीत किती जणी पोचल्या?

हिशेब साधा आहे. समजा, पाचवीत वीस मुली होत्या. आठवीपर्यंत आठ जणी गळाल्या, बारा उरल्या आणि बाराही जणी पास झाल्या. शाळेच्या फळ्यावर लिहिलं जाईल, 'मुलींचा निकाल शंभर टक्के'. तो निकाल खोटा नाही, पण तो उरलेल्या मुलींचा आहे. गेलेल्या आठ जणी त्यात कुठेच दिसत नाहीत.

हा प्रश्न फार जुना आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आजही तो वाचला जातो. मुक्ता वर्गात आली म्हणून तिची बुद्धी जगाला दिसली. ज्या आल्याच नाहीत, त्यांच्यात काय काय होतं, ते कुणाला कळणार?

१८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. शेतकऱ्याची मुलं शाळेत का येत नाहीत, तेही सांगितलं: गरिबी आहे आणि गुरं राखायला, शेत बघायला ती मुलं घरी लागतात. त्याच निवेदनात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. त्या काळी परीक्षेचा निकाल पाहून शाळांना अनुदान देण्याची पद्धत होती. गरीब आणि अशिक्षित समाजासाठी ही पद्धत उपयोगाची नाही, असं जोतीरावांनी स्पष्ट म्हटलं. ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालावर पोट भरेल या भरवशावर कोण मास्तर शाळा काढील? तिथे सरकारनेच शाळा काढाव्यात आणि मुलांना उत्तेजन द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे आधी पट, मग निकाल.

सक्तीच्या शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी केला. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात. काम थोरच होतं. पण त्या कायद्यात सक्ती मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना दहाव्या वर्षापर्यंतच होती. मैत्रिणींनो, दहावं वर्ष म्हणजे आजची चौथी-पाचवी. जिथे आजही मुली गळतात, तिथेच कायद्यानेही तेव्हा त्यांचा हात सोडला होता. पुढे १९११ साली गोखल्यांनी देशासाठी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते १९१२ साली पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

स्वातंत्र्यानंतर १९५१ ची जनगणना झाली, तेव्हा देशात शंभर बायकांत नऊ जणीसुद्धा साक्षर नव्हत्या. आपल्याकडे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. चौथीपर्यंतची शाळा बहुतेक गावात आली. पाचवी ते सातवी मात्र पुष्कळदा शेजारच्या मोठ्या गावात. सातवी पास होणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. पण मुलग्याला त्यासाठी वाट चालायची होती आणि मुलीला वाट चालण्याआधी परवानगी मिळवायची होती. धाकटं भावंड कोण सांभाळणार? ओढ्याला पाणी आलं तर? पाळी सुरू झाली आणि शाळेत संडासच नाही तर?

म्हणून नंतरच्या योजना बघा. १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या, पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीपोटी दिवसाला एक रुपया मिळू लागला. २००४ साली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आली, सहावी ते आठवीच्या मुलींनी तिथेच राहून शिकावं म्हणून. शाळेतला शिजवलेला भात आठवीपर्यंत पोचला. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला: पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. यातली एकही गोष्ट गुण वाढवण्यासाठी केलेली नाही. मूल वर्गात टिकावं, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. मूल टिकलं की गुण मागून येतात.

आता २०२३ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी असते. त्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. परीक्षा नको, असं आमचं म्हणणं नाही. काही न येता पुढे ढकलणं हाही पोरीवर अन्यायच आहे. पण जिच्या घरी 'पुढे पाठवायची की नाही' असा विचार आधीच चालू आहे, ती पाचवीत नापास झाली तर काय होईल? तिला पुन्हा दप्तर मिळेल, की विळा?

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक असतात आणि निम्म्या बायका. नाव लागलं असेल तर नुसती सही करून उठू नका. निकालाचा कागद पुढे आला की पटही मागा. तीन वर्षांपूर्वी पाचवीत किती मुली होत्या, आज आठवीत किती आहेत? कोणत्या वस्तीवरच्या गेल्या? दिवाळीनंतर कुणाची हजेरी बंद झाली? नापास झालेल्या मुलींना कोण, किती दिवस शिकवणार?

आकडा कमी निघाला तर गुरुजींना, बाईंना धारेवर धरायचं नाही. यादी घ्यायची आणि त्या त्या घरी दोघी-तिघींनी मिळून जायचं. नाव पटावरून कमी झालं तरी पोरगी गावातच असते. ती कुठे राहते, तिच्या घरचं कोण ऐकेल, हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?