सौंद, दलीपसिंग

(२० सप्टेंबर १८९९ – २२ एप्रिल १९७३). अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य (१९५७–६३). अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेले ते पहिले भारतीय आणि पहिले शीख; सभागृहात मताधिकार असलेले पहिले आशियाई वंशाचे सदस्यही तेच.

जन्म पंजाबात, अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवाडी येथे. गणिताची पदवी घेऊन ते १९२० मध्ये अमेरिकेला गेले, ते फळे टिकवण्याचे तंत्र शिकण्यासाठी. पण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांना पुन्हा गणितानेच ओढून घेतले. १९२४ मध्ये त्यांनी त्यात डॉक्टरेट मिळवली आणि पुढल्या वर्षी इंपीरियल व्हॅलीत शेती धरली! या उलट्या प्रवासामागे तेव्हाचा कायदा होता. भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले होते, त्यामुळे शिक्षणाला साजेशी नोकरी मिळणे कठीण होते; शिवाय अशा अपात्रांना कॅलिफोर्नियात स्वतःच्या नावे शेतजमीनही घेता येत नसे.

अमेरिकी लेखिका कॅथरीन मेयोच्या भारतावर टीका करणाऱ्या ‘मदर इंडिया’ला त्यांनी १९३० मध्ये ‘माय मदर इंडिया’ लिहून उत्तर दिले. त्यांचे खरे राजकीय काम मात्र नागरिकत्वाच्या हक्कासाठीचे. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिकाचे ते पहिले अध्यक्ष होते. भारतीयांना नागरिकत्व खुले करणारा लूस-सेलर कायदा १९४६ मध्ये संमत झाला आणि १९४९ च्या डिसेंबरात सौंद नागरिक झाले. १९५० मध्ये वेस्टमोरलंड गावाने त्यांना स्थानिक न्यायाधीश म्हणून निवडून दिले. पण निवडणुकीच्या दिवशी नागरिकत्वाला वर्ष पुरे झाले नव्हते, म्हणून पद नाकारले गेले. अवघ्या काही आठवड्यांची उणीव! १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, निवडून आले आणि ‘जज्ज सौंद’ झाले.

१९५६ ची काँग्रेसची लढत देशभर गाजली. रिव्हरसाइड आणि इंपीरियल या परगण्यांचा हा मतदारसंघ. समोर रिपब्लिकन पक्षाच्या जॅकलिन कॉक्रन, ध्वनीच्या वेगापलीकडे विमान नेणाऱ्या पहिल्या महिला वैमानिक. सौंद थोड्या फरकाने जिंकले. परराष्ट्र व्यवहार समितीवर त्यांची नेमणूक झाली, आणि १९५७ च्या आशिया दौऱ्यात ते भारतातही येऊन गेले. ‘काँग्रेसमन फ्रॉम इंडिया’ हे आत्मचरित्र १९६० चे.

१९६२ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला जाताना विमानात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्या वर्षीच्या निवडणुकीत ते उमेदवार होते, प्रचाराला मात्र उतरू शकले नाहीत. रिपब्लिकन पक्षाच्या पॅट मार्टिन यांनी त्यांचा पराभव केला. त्यानंतर काँग्रेसवर दुसरा भारतीय वंशाचा सदस्य यायला २००५ साल उजाडले.