वाळूवर उभी ‘चपल’

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या मराठी घरात कारवारला जायचं ठरलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: “बोटीत जायचं ना?” यशवंतपूरहून रात्रीची पंचगंगा एक्सप्रेस धरायची, सकाळी कारवारला उतरायचं आणि सामान टाकून थेट रवींद्रनाथ टागोर किनारा गाठायचा. तिथे वाळूवर ‘आयएनएस चपल’ उभी आहे. युद्धनौका म्हणून सुरू झालेली तिची वाटचाल संग्रहालय होऊन आजही चालू आहे.

या वाटचालीची पार्श्वभूमी 1971 च्या भारत-पाक युद्धाची. 4 डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. म्हणून 4 डिसेंबर हा आपला नौदल दिन. ‘चपल’ त्या युद्धात नव्हती. पण त्या यशानंतर सोव्हिएत संघाकडून त्याच जातीच्या आणखी आठ सुधारित नौका आल्या, त्यांतली ही एक. 1976 च्या नोव्हेंबरात ती नौदलात दाखल झाली. लांबी जेमतेम 38 मीटर, वजन सुमारे 245 टन आणि अंगावर चार क्षेपणास्त्रांच्या नळ्या. नाव सार्थ करत तिने जवळपास 29 वर्षं सेवा केली.

2005 च्या मे महिन्यात ‘चपल’ निवृत्त झाली आणि त्याच महिन्यात कारवारजवळ ‘आयएनएस कदंब’ हा नौदल तळ कार्यान्वित झाला. 2006 मध्ये नौकेचं संग्रहालय झालं. पुढे तिला शेजारही मिळाला. 2017 मध्ये निवृत्त झालेलं टीयू-142 हे टेहळणी विमान आता याच किनाऱ्यावर आहे.

आत शिरताना उंच लोखंडी उंबरठा ओलांडावा लागतो. पाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून तो इतका उंच. मान वाकवून पुढे गेलं की एकावर एक बसवलेले अरुंद पलंग दिसतात. आमचा धाकटा तिथे हात पसरून उभा राहिला, तर दोन्ही बाजूंना बोटं टेकली. सैनिक म्हणजे काय, हे त्याला तेवढ्या जागेनं सांगितलं.

मुंबईकरांना ‘विक्रांत’ची आठवण आल्यावाचून राहणार नाही. 1997 मध्ये निवृत्त झालेली ती थोर विमानवाहू नौका काही वर्षं संग्रहालय होती. 2012 मध्ये ते बंद झालं आणि 2014 मध्ये ती भंगारात विकली गेली. ते दुःख आजही सलतं. तिच्यापुढे ‘चपल’ इवलीशी, पण ती टिकली आहे.

ती टिकली पाहिजे. खारा वारा लोखंडाला सोडत नाही. पापुद्रे खरवडायचे, गंज घासायचा, पुन्हा रंग द्यायचा, हे काम कधी संपत नाही. आमच्या बसवनगुडीचा नंदी अखंड दगडाचा, तरी भाविक त्याला तेल चोळत आले. मूळचा करडा दगड त्यानंच काळाभोर झाला. दगडालाही माणसाचा हात लागतो, मग लोखंडाला किती लागत असेल! ‘चपल’ला तो हात मिळत राहो.