मांसल वनस्पतींची मूळकूज

मांसल वनस्पतींची मूळकूज हा कुंडीत वाढवल्या जाणाऱ्या कोरफड, जेड, एचेव्हेरिया, हॉवर्थिया, कलांचो, ॲडेनियम, निवडुंग इत्यादी मांसल (सक्युलंट) वनस्पतींमध्ये आढळणारा विकार आहे. मुळांभोवती पाणी दीर्घकाळ साचून राहिल्यामुळे मुळे प्राणवायूअभावी मरतात आणि मृत ऊतींवर बुरशी, जलबुरशी किंवा जिवाणूंची वाढ होऊन कूज खोडाकडे सरकते. मुळे नष्ट झालेली वनस्पती ओल्या मातीतूनही पाणी शोषू शकत नाही. त्यामुळे तिची पाने तहानलेल्या झाडाप्रमाणे सुरकुततात. हे लक्षण पाण्याच्या कमतरतेचे समजून अधिक पाणी घातल्यास कूज बळावते. घरात वाढवलेल्या मांसल वनस्पती मरण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. मात्र कूज वेळीच ओळखली, तर बाधित भाग काढून उरलेल्या खोडापासून किंवा पानापासून वनस्पती पुन्हा वाढवता येते.

शरीरक्रियात्मक पार्श्वभूमी

मांसल वनस्पती पाने, खोड किंवा मुळे यांतील मृदूतकात पाणी साठवतात. त्यांच्या पृष्ठभागावर जाड उपत्वचा असते आणि अनेक जातींच्या पानांवर मेणाचा थर असतो. यांपैकी बहुसंख्य जातींमध्ये क्रॅसुलेसी आम्ल चयापचय ही प्रकाशसंश्लेषणाची विशेष पद्धत आढळते. या पद्धतीला जेड वनस्पतीच्या क्रॅसुलेसी कुलावरून नाव मिळाले आहे. अशा वनस्पती पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्या वेळी घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकांमध्ये साठवतात आणि दिवसा पर्णरंध्रे बंद ठेवून तो वापरतात. परिणामी बाष्पोत्सर्जन अत्यल्प राहते.

कोरड्या प्रदेशात उपकारक ठरणारे हे गुणधर्म कुंडीत धोक्याचे ठरू शकतात. रुंद पानांची वनस्पती कुंडीतील पाणी काही दिवसांत वापरून टाकते. मांसल वनस्पती तेवढेच पाणी फार सावकाश वापरते, त्यामुळे माती अधिक काळ ओली राहते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्यावर मुळांना श्वसनासाठी लागणारा प्राणवायू मिळत नाही. कमी प्रकाश, हवा न खेळणारी जागा आणि थंड हवामान यांमुळे माती वाळण्यास आणखी वेळ लागतो.

कारक जीव

पिथियम आणि फायटॉफ्थोरा या प्रजातींतील जलबुरशी हे मूळकुजीचे नेहमी आढळणारे कारक आहेत. जलबुरशी खऱ्या बुरशीहून भिन्न गटात मोडतात. त्यांचे चल बीजाणू कशाभिकांच्या साहाय्याने मातीतील पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे साचलेले पाणी त्यांच्या प्रसारास विशेष अनुकूल असते. फ्युजेरियम आणि रायझोक्टोनिया या खऱ्या बुरशी जखमी किंवा दुर्बल मुळांतून प्रवेश करतात. पेक्टोबॅक्टेरियम प्रजातीच्या जिवाणूंमुळे मऊ कूज होते. तिच्यात ऊती अल्पावधीत पातळ लगद्यासारख्या होतात आणि त्यांना दुर्गंधी येते.

लक्षणे आणि निदान

मूळकुजीची पहिली लक्षणे जमिनीखाली असल्याने सहसा नजरेस पडत नाहीत. वर दिसणारी प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत:

• खालची पाने पिवळसर, अर्धपारदर्शक व पिचपिचीत होऊन हलक्या स्पर्शानेही गळणे.
• खोडाचा मातीलगतचा भाग तपकिरी किंवा काळा पडून दाबल्यास मऊ लागणे.
• वनस्पती कुंडीत सैल होणे किंवा एका बाजूला कलणे.
• माती ओली असूनही पाने सुरकुतलेली राहणे.
• मातीला आंबट किंवा कुजका वास येणे.

पाण्याच्या कमतरतेत पाने पातळ आणि सुरकुतलेली होतात, पण त्यांचा रंग फारसा बदलत नाही. खालची पाने कागदासारखी वाळतात, खोड मात्र घट्ट राहते. अशा वनस्पतीला भरपूर पाणी दिल्यास काही दिवसांत पाने पुन्हा भरतात. पाणी देऊनही पाने भरली नाहीत, तर मुळांची तपासणी आवश्यक ठरते. सर्वांत खालची एक-दोन पाने अधूनमधून वाळणे हा नैसर्गिक वाढीचा भाग असतो.

खात्रीशीर निदानासाठी वनस्पती कुंडीतून काढून मुळे पाहावी लागतात. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट तपकिरी व घट्ट असतात. कुजलेले मूळ गडद व मऊ असते. ते हलके ओढल्यास बाहेरील साल निघून येते आणि आतील दोऱ्यासारखा वाहक भाग तेवढा शिल्लक राहतो.

तत्सम विकार

प्रकाशाच्या अभावी खोड लांब व बारीक होऊन पाने विरळ होतात. याला पांडुरवृद्धी म्हणतात. ही कूज नसली तरी अशी वनस्पती पाणी कमी वापरत असल्याने कुजीला लवकर बळी पडते. सावलीतून एकाएकी कडक उन्हात नेलेल्या वनस्पतीच्या पानांवर कोरडे, फिकट किंवा तपकिरी चट्टे पडतात. पिठ्या ढेकूण ही कीड पानांच्या बेचक्यात कापसासारख्या पुंजक्यांच्या रूपात दिसते. तिच्या काही जाती मुळांवर राहतात आणि त्यांच्यामुळे होणारा ऱ्हास मूळकुजीसारखाच भासतो. मुळे उघडी केल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या, मेणचट पुंजक्यांवरून ही कीड ओळखता येते.

उपचार

उपचारात बाधित ऊती पूर्णपणे काढून टाकणे, जखम कोरडी होऊ देणे आणि कोरड्या माध्यमात पुनर्लागवड करणे हे तीन मुख्य टप्पे असतात.

बाधित भाग काढणे: वनस्पती कुंडीतून काढून जुनी माती झाडली जाते आणि आवश्यक असल्यास मुळे धुतली जातात. स्पिरिटने निर्जंतुक केलेल्या धारदार पात्याने सर्व मऊ व गडद मुळे कापली जातात. कूज खोडात शिरली असल्यास खोडाचे खालून वर थोडे थोडे काप घेतले जातात. कापाचा संपूर्ण पृष्ठभाग एकसारखा, निरोगी रंगाचा दिसेपर्यंत हे चालू ठेवावे लागते. मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा वलय उरल्यास कूज वाहक ऊतींतून वर सरकते. प्रत्येक कापानंतर पाते पुन्हा पुसले जाते.

जखम वाळवणे: कापलेला भाग सावलीत, हवेशीर जागी उघडा ठेवला जातो. बारीक खोडाच्या जखमेवर दोन-तीन दिवसांत कोरडे आवरण तयार होते. जाड खोडाला एक आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. साठवलेल्या पाण्यामुळे मांसल वनस्पती या काळात मुळांविना तग धरते. जखमेवर गंधकाची भुकटी लावण्याची पद्धत आहे, तर घरगुती वापरात दालचिनीची पूडही लावली जाते. मात्र कुजलेला भाग आत राहिल्यास वरून लावलेल्या भुकटीचा उपयोग होत नाही. बुरशीनाशकाची निवड कारक जीवावर अवलंबून असते. कार्बेन्डाझिम काही खऱ्या बुरशींवर परिणामकारक असले, तरी जलबुरशींवर प्रभावी ठरत नाही.

पुनर्लागवड: जुनी माती टाकून दिली जाते आणि जुनी कुंडी पुन्हा वापरायची असल्यास ती धुऊन निर्जंतुक केली जाते. वाळलेली वनस्पती नव्या, कोरड्या माध्यमात लावून काही दिवस पाणी दिले जात नाही. या काळात तिला तेजस्वी, पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवतात. खतेही नवी मुळे धरेपर्यंत टाळली जातात. उबदार हवेत छाटकलमाला साधारणतः काही आठवड्यांत आगंतुक मुळे फुटतात. हलके ओढल्यावर जाणवणारा विरोध आणि शेंड्याला आलेली नवी वाढ ही रुजल्याची चिन्हे होत.

अभिवृद्धीद्वारे जतन

खोडाचा मोठा भाग कुजल्यास मूळ वनस्पती वाचत नाही. अशा वेळी तिच्या निरोगी अवयवांपासून त्याच जनुकीय वाणाची नवी रोपे तयार केली जातात. यासाठी योग्य पद्धत जातीनुसार बदलते.

जेड, एचेव्हेरिया, सेडम आणि ग्रॅप्टोपेटॅलम यांची नवी रोपे अखंड पानाच्या तळापासून येतात. त्यासाठी पान देठाशी न तुटता पूर्ण निघणे आवश्यक असते. कोरफडीचे सुटे पान रुजत नाही, ते कुजून जाते. त्यामुळे कोरफड तिच्या फुटव्यांपासूनच वाढवली जाते. उभ्या पानांच्या सॅन्सेव्हेरियाचे (आताच्या वर्गीकरणानुसार ड्रॅसीना) पानाचे तुकडे रुजतात. परंतु पिवळ्या कडेच्या वाणाच्या तुकड्यांपासून साधी हिरवी रोपे येतात, कारण ती कड भिन्न जनुकीय ऊतींच्या थरामुळे निर्माण झालेली असते. तो वाण टिकवण्यासाठी मूळखोडाचे विभाजन करावे लागते.

लाल किंवा पिवळ्या गोळ्याच्या रूपात विकला जाणारा जिम्नोकॅलिशियम निवडुंग हा विशेष अपवाद आहे. त्यात हरितद्रव्य नसल्याने तो हिरव्या खुंटावर कलम केलेला असतो. खुंट कुजल्यास वरचा गोळा मातीत रुजवून उपयोग होत नाही. त्याचे दुसऱ्या निरोगी खुंटावर पुन्हा कलम केले, तरच तो जगतो.

प्रतिबंध

पाणी ठरावीक वारी न देता माध्यम पूर्ण वाळल्यावर दिले जाते. कुंडीच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत ते घालून खालच्या बशीत साचलेले पाणी ओतून टाकतात. कुंडीचे वजन उचलून पाहणे किंवा बांबूची काडी तळापर्यंत खुपसून ती ओली निघते का हे पाहणे, या ओल तपासण्याच्या सोप्या पद्धती आहेत.

माध्यमात जाड वाळू, पर्लाइट, प्युमिस किंवा विटांचे बारीक तुकडे असे पाण्याचा निचरा होऊ देणारे घटक सुमारे निम्मे किंवा अधिक ठेवले जातात. समुद्रकिनाऱ्यावरील वाळू क्षारयुक्त असल्याने वापरली जात नाही. छिद्र असलेली मातीची कुंडी बाजूंनीही ओल बाहेर टाकते. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज बरोबर नाही. बारीक कणांच्या मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. त्यामुळे ओलीचा थर तेवढाच वर सरकून मुळांच्या अधिक जवळ येतो. मुळांच्या आकारापेक्षा फार मोठी कुंडीही टाळली जाते.

महाराष्ट्रातील हवामान

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत हवेतील आर्द्रता वाढते व सूर्यप्रकाश घटतो. विशेषतः कोकण आणि मुंबई परिसरात कुंडीतील माती या काळात फार सावकाश वाळते. म्हणून कुंड्या पावसापासून आडोशाला, पण उजेडात ठेवून पाणी अत्यंत कमी केले जाते.

पाऊस स्वतः मांसल वनस्पतींना घातक नसतो. महाराष्ट्राच्या सह्याद्री परिसरात प्रदेशनिष्ठ असलेली शिंदळ माकुडी (फ्रेरिया इंडिका) ही दुर्मीळ मांसल वनस्पती उभ्या कड्यांवर वाढते. ती पावसाळ्यात पाने धारण करते आणि कोरड्या ऋतूत ती गाळते. कड्यावरील उथळ मातीतून पाणी लगेच निघून जाते. कुंडीतील मूळकुजीचे मूळ कारण पाण्याच्या प्रमाणाइतकेच, किंबहुना अधिक, ते साचून राहण्यात असते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

सुरक्षितता

शेर, त्रिधारी निवडुंग आणि युफोर्बिया प्रजातीच्या इतर वनस्पती कापताना पांढरा चीक निघतो. तो त्वचेचा दाह करतो आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. ॲडेनियमचा रसही विषारी असतो. कलांचोच्या अनेक जाती खाल्ल्यास पाळीव प्राण्यांच्या हृदयावर विपरीत परिणाम होतो. त्यामुळे छाटणीच्या वेळी हातमोजे वापरणे आणि कापलेले भाग मुले व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवणे आवश्यक असते.

हेही पहा

• निवडुंग
• कोरफड
• पानफुटी
• छाटकलम