शनवार तेली आणि पौलाचा वाद

पेण आणि रोहा परिसरातल्या गावांत तेलाचा घाणा चालवणारे जे लोक शनिवारी बैल सोडून ठेवत, त्यांना आसपासचे लोक शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. शनवार तेली स्वतःला बेने इस्रायल म्हणवत, म्हणजे इस्राएलाची लेकरे. आडनावे त्यांनी गावांवरून घेतली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, रोह्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडच्या काठावरल्या अष्टमीचे ते अष्टमकर, वाक्रूळचे ते वाक्रूळकर. त्यांच्या परंपरेप्रमाणे किहीमजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना तिथेच पुरले गेले. ग्रंथ समुद्रात गेले. मागे राहिले ते आठवणीत होते तेवढेच.

आठवणीत फार थोडे होते, पण ते घट्ट होते. मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत काम करायचे नाही. खवले आणि पर नसलेली मासळी खायची नाही, म्हणजे कोकणात राहून कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या वर्ज्य. आणि जन्म, सुंता, लग्न, मरण अशा प्रत्येक वेळी ‘शेमा’ हे एकच हिब्रू वाक्य म्हणायचे. डेव्हिड राहाबी नावाचा यहूदी कोकणात आला तेव्हा त्याने या लोकांची परीक्षा मासळीनेच घेतली, अशी कथा ते सांगतात. त्याने निरनिराळे मासे बायकांपुढे रांधायला ठेवले. त्यांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले, तेव्हा त्याची खात्री पटली. त्याने तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले आणि त्यांच्या वंशजांकडे काझीपद चालत आले.

हिंदुस्थानातल्या यहुद्यांविषयी बाराव्या शतकाच्या अखेरीस यहूदी धर्मशास्त्री मैमोनिदेसने एका पत्रात लिहिले आहे की त्यांना शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि सुंता यांखेरीज धर्मशास्त्राचे काही ठाऊक नाही. हे वर्णन कोकणच्या लोकांचेच असेल असे ठामपणे म्हणता येत नसले तरी ते त्यांना तंतोतंत लागू पडते. १७३८ साली मद्रासकडचा धर्मप्रसारक सार्टोरियस याने शनवार तेल्यांविषयी ऐकून लिहिले, आणि त्याच्याही टिपणात हेच येते: बायबल नाही, ‘शेमा’पलीकडे हिब्रू नाही, पण शनिवार पाळतात आणि सुंता करतात. सणांची नावेसुद्धा मराठी होती. वल्हांडण हा अनाशी ढाकण्याचा सण. अनाशीचे, म्हणजे आंबट द्रव्याचे, भांडे झाकून ठेवायचे, आणि त्यात खमीर दूर ठेवण्याच्या जुन्या नियमाची खूण शिल्लक दिसते. प्रायश्चित्ताचा दिवस हा दार फाळणीचा सण. मंदिराच्या नाशाचा शोकदिवस हा बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे करीत. शिवाय नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. हनुक्का मात्र त्यांना ठाऊक नव्हता. तो सण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या घटनेचा आहे. यावरून बेने इस्रायलांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपले पूर्वज त्याआधीच निघाले असावेत असे अनुमान काढले. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये पश्चिम आशियातल्या यहुद्यांचा अंश स्पष्ट आढळला, पण स्थानिक लोकांशी मिसळण झाल्याचा काळ सुमारे साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचा निघाला. केहिमकरांचे अनुमान त्यामुळे सिद्धही होत नाही आणि पूर्ण खोडलेही जात नाही.

सुंता, शब्बाथ, आहार: कोकणातल्या एका तेल्याच्या घरात उरलेल्या या तीन गोष्टी ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या सर्वांत मोठ्या भांडणाच्याही मुळाशी आहेत. येशू यहूदी होता, त्याचे बारा शिष्य यहूदी होते, आणि त्याच्या मरणानंतर पहिली वीस वर्षे त्याच्या अनुयायांची मंडळी यहूदी समाजाच्या आतच होती. प्रश्न उभा राहिला तो अंत्युखियासारख्या शहरांत यहूदी नसलेले लोक या मंडळीत येऊ लागले तेव्हा. त्यांनी सुंता करून घ्यायची का? त्यांच्या पंगतीला बसायचे का? इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमेत यावर बैठक झाली. परराष्ट्रीयांत, म्हणजे यहूदी नसलेल्यांत, प्रचार करणाऱ्या पौल या प्रेषिताने गलतीकरांस लिहिलेले पत्र त्याच वादातून आले आहे, आणि त्यात तो येशूचा शिष्य पेत्र यालाही अंत्युखियातल्या पंगतीवरून तोंडावर बोलल्याचे सांगतो. परराष्ट्रीयांवर नियमशास्त्राचे जोखड घालू नये हे पौलाचे म्हणणे शेवटी टिकले. येशूचा भाऊ याकोब आणि यरुशलेमेची मंडळी यांची परंपरा इ. स. ७० मध्ये मंदिर पडल्यावर क्षीण होत गेली. पंगत आणि वर्ज्य अन्न यांवरून समाज कसे दुभंगतात हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. युरोपातल्या अभ्यासकांना मात्र हा मुद्दा नीट कळायला बराच काळ लागला.

या विषयाचा आधुनिक अभ्यास १८३१ साली ट्युबिंगेनच्या फर्डिनांड ख्रिस्तियान बाउरच्या निबंधापासून धरतात. आरंभीच्या मंडळीत पेत्राचा यहूदी वळणाचा पक्ष आणि पौलाचा परराष्ट्रीयांचा पक्ष असे दोन तट होते, असे त्याने मांडले. ही मांडणी ठळक होती, पण तिच्यात एक गृहीत दडले होते: यहूदी धर्म म्हणजे कोरड्या नियमांचा, संपत आलेला धर्म, आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे त्याच्यातून सुटलेला आत्मा. हे गृहीत पुढची शंभर-सव्वाशे वर्षे विद्यापीठांतून चालले.

नेमक्या त्याच काळात हा प्रश्न कोकणच्या किनाऱ्यावर पुस्तकातून उठून माणसांपर्यंत आला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत होते. त्याच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकत आणि बेने इस्रायल पंतोजी शिकवत. १८२६ साली कोचीनचा धर्मांतरित यहूदी मायकल सार्गन मुंबईत शाळा काढण्यासाठी आला. १८२९ साली स्कॉटलंडहून जॉन विल्सन आले, हर्णैला राहून मराठी शिकले, आणि १८३२ साली त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहून छापले. हिब्रू शिकवायला मराठी माध्यम वापरणे ही त्या काळात असाधारण गोष्ट होती. त्याआधी, १८११ साली, सेरामपूरहून मराठी नवा करार छापला गेला होता, आणि जुन्या कराराची पुस्तकेही मराठीत येऊ लागली होती. अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथा पेणच्या आणि रोह्याच्या बेने इस्रायलांनी सविस्तर वाचल्या त्या मिशनऱ्यांच्या हातून आलेल्या मराठीत.

विल्सन यांचा हेतू उघड होता. मशीहाविषयीची भाकिते यहुद्यांनी आपल्या मूळ भाषेत वाचली की ती येशूत पूर्ण झाली हे त्यांना पटेल, अशी त्यांची श्रद्धा होती. ख्रिस्ती धर्माचे मूळ यहुद्यांपाशी आहे हे प्रॉटेस्टंट लोक मनापासून मानत, आणि म्हणून या तेल्यांविषयी त्यांना विलक्षण आदर आणि कुतूहल होते. विल्सन यांनी त्यांच्या बाजूने पुस्तिका लिहिली, त्यांना शाळा दिल्या, त्यांची मुले पुढे विल्सन कॉलेज झालेल्या संस्थेत शिकली. ख्रिस्ती मात्र फारच थोडे झाले.

घडले ते उलटेच. हिब्रू आणि शास्त्र हाती आल्यावर बेने इस्रायल अधिक यहूदी झाले. मिच नुमार्क या अभ्यासकाने २०१२ साली याच घडामोडीवर लिहिताना कोचीनचे यहूदी शिक्षक आणि प्रॉटेस्टंट शाळा या दोहोंचा वाटा दाखवला आहे. केहिमकरांनीही १८९७ साली पुरा केलेल्या, पण १९३७ साली तेल अवीवला प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात मिशनऱ्यांचे ऋण मोकळेपणाने मानले. मुंबईची पहिली मशीद (सिनेगॉगला बेने इस्रायल मराठीत मशीदच म्हणत आले) सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधली होती. त्यानंतर कोकणात एकामागून एक उभ्या राहिल्या: १८४२ साली रेवदंड्याला, १८४८ साली अलिबागेत, १८४९ साली पनवेलला, १८६३ साली पेणला बेथ हाएलोहीम, आणि रोह्यापलीकडे अष्टमीलाही. ज्यांच्यापाशी एकच हिब्रू वाक्य होते त्यांच्या गावांत तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, गुंडाळ्या आल्या. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केले.

अष्टमीचे नाव या इतिहासात आणखी एका कारणाने येते. १८८० साली बेने इस्रायलांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे ‘अब्राहाम चरित्र’ हे कीर्तन १८८२ साली छापले गेले. पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत, साकी-दिंडीच्या चालीवर उत्पत्तीच्या पुस्तकातली कथा सांगण्याचा हा प्रकार दोन्ही मुळांना जागणारा होता. मिशनऱ्यांनी बायबल दिले ते मराठी गद्यात. त्याला कीर्तनाची चाल लावली ती बेने इस्रायलांनी. कोकणातल्या धार्मिक साहित्यात या पुस्तकाचे स्थान आजवर मानले गेले त्यापेक्षा फार मोठे आहे.

कोकण आणि यहूदी-ख्रिस्ती मूळ यांचा संबंध याहून जुना असल्याचा एक धागाही सांगितला जातो. युसेबियस या चौथ्या शतकातल्या इतिहासकाराने लिहिले आहे की आलेक्सांद्रियाचा पंतैनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ‘हिंदुस्थानात’ गेला, आणि तिथे त्याला हिब्रू अक्षरांतले मत्तयाचे शुभवर्तमान आढळले. ते प्रेषित बर्थलमयाने मागे ठेवले होते. काही ख्रिस्ती इतिहासकारांनी बर्थलमयाचे हे क्षेत्र कल्याण परिसरात मानले आणि बेने इस्रायलांची वस्ती त्याला पुरावा म्हणून जोडली. पण त्या काळचे ग्रीक लेखक अरबस्तानाच्या दक्षिण भागाला आणि इथियोपियालाही हिंदुस्थान म्हणत. कल्याणच्या ख्रिस्ती मंडळीचा भक्कम उल्लेख सहाव्या शतकात कॉस्मास इंडिकोप्लेउस्तेसकडे येतो, त्याआधी नाही. तेव्हा बर्थलमयाला कोकणात आणणे इतिहासाला धरून नाही. पंतैनसाच्या कथेत मोलाचे आहे ते वेगळेच: येशूला मानणारे, तरी हिब्रू अक्षरांत शुभवर्तमान वाचणारे यहूदी समाज दुसऱ्या शतकातही जगात आहेत, हे ख्रिस्ती लेखकांना स्वाभाविक वाटत होते.

बाउरपासून चालत आलेले अभ्यासकांचे गृहीत विसाव्या शतकात ढासळले. इंग्लंडच्या जेम्स पार्क्स या धर्मगुरूने १९३४ साली यहूदीद्वेषाची मुळे चर्चच्याच जुन्या लिखाणात दाखवून दिली. १९४७ साली मृत समुद्राच्या गुंडाळ्या सापडू लागल्या आणि येशूच्या काळचा यहूदी धर्म किती विविध आणि जिवंत होता हे दिसले. युरोपातल्या यहुद्यांच्या संहारानंतर जुनी गृहीते तशीच जपणे अशक्य झाले. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मरणाचा दोष यहूदी समाजावर ठेवणे नाकारले. गेझा वर्मेश यांनी १९७३ साली येशूला यहूदी म्हणूनच समजून घेतले. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ साली दाखवले की पौलाच्या काळचे यहूदी नियम पाळत ते तारण विकत घेण्यासाठी नव्हे, तर देवाशी आधीच झालेल्या कराराला जागण्यासाठी. आणि १९८२ साली जेम्स डन यांनी म्हटले की पौल ज्या ‘नियमशास्त्रातील कर्मां’वर टीका करतो ती मुख्यतः समाजाची सीमा आखणारी चिन्हे आहेत: सुंता, आहार आणि शब्बाथ.

पेण-रोह्याच्या शनवार तेल्यांचे उदाहरण इथे अभ्यासकांच्या उपयोगी पडते. ग्रंथ, मंदिर आणि हिब्रू बोलणारा एकही माणूस नसताना याच तीन चिन्हांनी एका समाजाला शेकडो वर्षे वेगळे राखले. जातिव्यवस्थेत ती चिन्हे सहज बसली, कारण खाणे, काम आणि लग्न यांवरूनच इथे समाज ओळखला जाई. बेने इस्रायल कोकणात गोमांस टाळत, विधवाविवाह कमी करीत, आपसांत गोरे आणि काळे असे भेदही पाळत. या शेजारधर्माने त्यांचे यहूदीपण पुसले गेले नाही. अंत्युखियातही असेच होते. तिथल्या ख्रिस्ती बायका-पुरुषांनी सणांना सिनेगॉगात जाऊ नये म्हणून योहान ख्रिसोस्तोमला इ. स. ३८६-८७ मध्ये प्रवचने द्यावी लागली, म्हणजे पौलानंतर तीनशे वर्षांनीही सामान्य लोकांना दोन धर्मांमधली भिंत दिसत नव्हती. दानिएल बोयारिन यांनी २००४ साली मांडले की ही सीमा दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंनी हळूहळू बांधली. ख्रिस्ती बिशपांचे सिद्धान्त आणि इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेला राब्बींचा, म्हणजे यहूदी धर्मगुरूंचा, मिश्ना हा नियमग्रंथ ही एकाच काळाची दोन फळे आहेत.

त्या राब्बींच्या परंपरेशी बेने इस्रायलांची खरी गाठ पडली ती इस्रायलात. १९४८ नंतर कोकणातली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तिथल्या मुख्य राब्बींच्या कार्यालयाने १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या लग्नांबाबत शंका घेतली, कारण घटस्फोट आणि विधवेच्या पुनर्विवाहाचे राब्बींचे नियम त्यांनी शतकानुशतके पाळले नव्हते; ते नियम घडले तेव्हा त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांना इतर यहुद्यांच्या बरोबरीचे मानणारा ठराव केला आणि राब्बींना आपला निर्बंध मागे घ्यावा लागला. पेणकर, रोहेकर आणि अष्टमकर ही आडनावे आज इस्रायलात आहेत.